निरुपमाबेनचे अठरा फेरे

निरुपमा राणेला राग येतो, हे बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या तिच्या शाळेत पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं. पण तो कशाने येतो हे कळायला लोकांना वेळ लागायचा. पोरांनी दंगा केला, वही विसरली, खिडकीबाहेर बघत बसली, तरी ती फारशी तापत नसे. कुणी चुकीचं उत्तर दिलं तर उलट खूश व्हायची. "हे कसं काढलंस, सांग बघू," म्हणून त्याला फळ्यापाशी बोलवायची. मात्र न समजता कुणी 'समजलं' म्हटलं की तिची तळपायाची आग मस्तकात जायची. तिची आई म्हणायची, "आमच्या निरूच्या रागाला पाय आहेत. तो आला की हिला कुठेतरी घेऊनच जातो."

आई बडोद्याच्या जुन्या घराण्यातली, आजोबा संस्थानात कारकून. नवरा रमाकांत त्यामानाने नवा बडोदेकर. त्याचे वडील रत्नागिरीहून रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. रमाकांत मकरपुऱ्यात एका कारखान्यात मिलिंग मशीनवर होता. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, अशी दोघांची सवय. निरुपमा गुजराती माध्यमात सहावी ते आठवीला गणित शिकवायची. शाळेत ती निरुपमाबेन. सव्वीस वर्षं झाली होती.

दोन हजार वीसच्या जूनमध्ये शाळा बंद असताना ट्रस्टचा हुकूम आला: सोमवारपासून सकाळी आठ ते बारा ऑनलाइन वर्ग. एवढंच. कसे घ्यायचे, कशावर घ्यायचे, याचा पत्ता नाही. निरुपमाने एकेका पालकाला फोन लावले. सातवीच्या बावन्न मुलांपैकी नऊ जणांच्या घरी सकाळी फोन असणार होता. बाकीचे फोन बापाच्या खिशात बसून कामाला जाणार आणि संध्याकाळी सातला परत येणार.

"आठ ते बारा म्हणे!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "यांच्यापैकी एकाने तरी कधी पोरांना विचारलंय का, बाबांनो, फोन कुठाय?"

रमाकांत पोहे खात होता. "मग तू काय करणार?"

"मी संध्याकाळचं बघते."

तिने चार-चार मिनिटांचे धडे करायला घेतले. फोन घरी आल्यावर अर्ध्या तासात पोराला बघता येतील, आणि नेट फार खाणार नाहीत असे. रमाकांतने भंगारातल्या पट्ट्या वाकवून तिला फोनचं स्टँड करून दिलं. ते ओट्यावर उभं राहायचं आणि त्याच्यासमोर निरुपमा बटाटे, वाट्या, सायकलची चेन, असं हाताला येईल ते घेऊन गुणोत्तर शिकवायची. पहिला धडा अकरा वेळा बिघडला. कधी डोकंच कापलं जायचं, कधी आवाज यायचा नाही. कापाकापी, जोडणी, अक्षरं टाकणं, सगळं ती बघून बघून शिकली. मग तिला ऑनलाइन प्रश्नपत्रिका करायचा नाद लागला. पोरांनी उत्तरं भरली की कोण कुठे चुकलं याचा तक्ता आपोआप समोर यायचा. एकदा त्या तक्त्यात तिला दिसलं की एकोणीस पोरं एकच चूक करतायत: गुणोत्तर म्हणजे वजाबाकी असं समजून चाललीयत. बावन्न वह्या तपासताना जे कधी एकत्र डोळ्यांसमोर आलं नव्हतं ते एका रंगीत पट्टीत दिसत होतं.

"इतकी वर्षं मी काय बघत होते?" ती रमाकांतला म्हणाली. त्या संध्याकाळी ती इतकी आनंदात होती की तिने शिरा केला.

वर्षभरात असे एकशे बासष्ट धडे झाले. त्यातल्या एकात चूक होती. अठ्ठेचाळीस दातांचं मोठं चाक पाच फेरे फिरलं, तर त्याला लागून असलेलं सोळा दातांचं छोटं चाक किती फेरे फिरेल? उत्तर पंधरा. पण बोलता बोलता कुकरची शिट्टी झाली, तिचं लक्ष गॅसकडे गेलं आणि तोंडातून 'अठरा' निघालं. धडा पाठवून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिने लगेच पोरांना बोलून निरोप पाठवला: "चूक माझी आहे. अठरा नाही, पंधरा. का, ते आता तुम्ही मला सांगा." चौतीस पोरांनी सांगितलं. मग तिने तो धडा तसाच राहू दिला.

शाळा पुन्हा भरली तेव्हा मुख्याध्यापिका कौशल्याबेनने तिला बोलावून आपल्या गुजराती वळणाने म्हटलं, "निरुपमाबेन, तुमचे सगळे धडे शाळेच्या खात्यावर चढवून द्या ने. रेकॉर्डला राहतील." निरुपमाने दोन दिवस बसून, प्रत्येकाला इयत्ता आणि पाठाचं नाव देऊन, सगळे चढवून दिले. तिला बरंच वाटलं. कुणीतरी कदर केली, असं.

त्यानंतर दोन वर्षं ती वर्गात मोठा पडदा मागत राहिली. तोंडी मागितला, अर्ज करून मागितला. तेवीसच्या जूनमध्ये ट्रस्टच्या सगळ्या शाळांत प्रत्येक वर्गाला स्पर्शाने चालणारा भलामोठा डिजिटल फळा लागला तेव्हा सगळ्यात जास्त हरखली ती निरुपमाच. बाकीच्या शिक्षिका लांबूनच बघत होत्या. हिने पहिल्याच दिवशी त्यावर बोटाने वर्तुळ काढून पाहिलं.

फळ्याबरोबर एका कंपनीचे तयार धडे आले होते, आणि धड्यांबरोबर पीयूष नावाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा प्रशिक्षक. त्याने सगळ्या शिक्षकांना सभागृहात बसवून समजावलं.

"तुम्हाला आता शिकवायचं टेन्शन नाही. धडा सुरू करायचा आणि शांत उभं राहायचं. मध्ये थांबवायचा नाही. किती वेळा थांबवला ते ॲपमध्ये दिसतं. आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा थांबवला तर वर्गाला लाल खूण लागेल."

निरुपमाने हात वर केला. "पोराने शंका विचारली तर?"

"धडा संपल्यावर विचारायला सांगा, मॅडम. शेवटी दोन मिनिटं दिलीयत."

"आणि शंका धड्याच्या पहिल्याच वाक्यावर असली तर?"

पीयूष हसला. "मॅडम, हळूहळू टेक्नॉलॉजीची सवय होईल. घाबरू नका."

निरुपमाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण नवीन पोर, दुसऱ्याचं शिकवलेलं बोलतंय, असं म्हणून तिने तो घोट गिळला.

दुसऱ्याच आठवड्यात सातवीत गुणोत्तराचा पाठ आला. निरुपमाने धडा सुरू केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावर निळा कोट घातलेली एक चुणचुणीत मुलगी आली. आकाशवाणीवरच्या निवेदिकेसारखं स्वच्छ गुजराती बोलत ती म्हणाली, "चला, आपण ओट्यावरचे सात बटाटे घेऊ."

निरुपमाने मान वर केली.

बटाटे झाले, वाट्या झाल्या. मग सायकलची चेन. मग ती मुलगी बोट उचलून म्हणाली, "आकडा गप्प बसत नाही, तुम्ही गप्प बसा म्हणजे ऐकू येईल." हे वाक्य निरुपमाचं होतं. गेली वीस वर्षं ती ते वर्गात म्हणत आली होती. तेच शब्द, तोच क्रम, जिथे ती श्वास घ्यायला थांबायची तिथेच ही थांबत होती. कोटातल्या मुलीमागे ओटा नव्हता, रंगीत चित्रं होती. बाकी सगळं तिच्या घरातलं.

मग दोन दातेरी चाकं आली. अठ्ठेचाळीस दातांचं मोठं, सोळाचं छोटं. मोठं पाच फेरे फिरलं. "म्हणजे छोटं चाक फिरेल," निळ्या कोटातली मुलगी गोड हसून म्हणाली, "अठरा फेरे!"

दुसऱ्या बाकावरची सानवी ताडकन उभी राहिली. "बेन, पंधरा! ही तर तुमचीच चूक! माझ्या भावाच्या फोनमध्ये अजून आहे तो धडा, कुकरवाला. मी त्याच्यावरूनच शिकले."

वर्ग खदखदा हसला. निरुपमाला हसू आलं नाही. तिने जाऊन धडा थांबवला, फळ्यावर दोन चाकं काढली, उरलेला तास शिकवलं.

मधल्या सुट्टीत ती कौशल्याबेनच्या खोलीत गेली.

"कंपनीने माझे धडे चोरलेत."

"चोरलेत कसे?" कौशल्याबेनने चष्मा काढला. "ट्रस्टने दिलेत. विश्रामभाईंनी करार केला आहे. शाळेत नोकरीला असताना केलेलं काम शाळेचं."

"मला विचारलंत?"

"तुम्हीच तर चढवून दिलेत ने!"

"रेकॉर्डला म्हणून दिले. कुणा दुसऱ्या बाईच्या तोंडी घालायला नाही. कुठे माझं नाव आहे?"

"नावाचं काय घेऊन बसलात, बेन? तुमचे धडे आता चाळीस शाळांत ऐकतात. आनंद व्हायला पाहिजे."

"चाळीस शाळांत?" निरुपमा टेबलावर वाकली. "म्हणजे चाळीस शाळांत पोरं अठरा फेरे लिहितायत. नाव राहू दे. ती चूक तर दुरुस्त करा आधी!"

कौशल्याबेनने तिला कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवायला सांगितलं. निरुपमाने त्याच दिवशी ॲपवर तक्रार टाकली, गणित मांडून, आकृती काढून. बारा दिवसांनी उत्तर आलं: 'आपल्या सूचनेबद्दल आभार. आमचा सर्व मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला आहे.'

ते वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दुसरी तक्रार टाकली. तेच उत्तर. मग ती ट्रस्टचे विश्रामभाई शाळेत आले असताना त्यांना गाठायला गेली. विश्रामभाई सज्जन माणूस. तिला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"बेन, तुमची भावना मी समजू शकतो. वार्षिक समारंभात तुम्हाला एक सन्मानपत्र देऊ या."

"मला सन्मानपत्र नको. पंधरा पाहिजेत."

"होऊन जाईल, होऊन जाईल," विश्रामभाई घड्याळ बघत म्हणाले.

झालं काहीच नाही. निरुपमा मात्र जिथे गरज वाटेल तिथे धडा थांबवत राहिली. तिच्या वर्गापुढे लाल खूण लागली, मग दुसरी, मग तिसरी. ऑगस्टच्या अखेरीला तिच्या हातात पत्र पडलं. 'आपण वर्गात आधुनिक तंत्रज्ञानाच्या वापरास असहकार करत असल्याचे दिसून आले आहे. पंधरा दिवसांत खुलासा करावा.'

स्टाफरूममध्ये मंदाबेन म्हणाली, "जाऊ दे ना, निरू. चार वर्षं राहिली तुझी. बटण दाबायचं आणि उभं राहायचं. आम्ही सगळ्या तेच करतोय." ही मंदा तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. प्रश्नपत्रिकेचे तक्ते करायला निरुपमाने तिला घरी बोलावून, चहा पाजून शिकवलं होतं.

"तुला दिसतंय ना चूक आहे?"

"दिसतंय."

"मग?"

मंदा वह्या आवरायला लागली. त्या दिवसापासून निरुपमा डबा वर्गातच खायला लागली.

घरी आल्यावर तिने ते पत्र रमाकांतच्या पुढ्यात टाकलं. "वाच. असहकार म्हणे! यांच्या बापजन्मी कुणी ऑनलाइन शब्द ऐकला नव्हता तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून शिकवत होते. आणि मी तंत्रज्ञानाची वैरीण? पोरं तिथे चुकीचं शिकतायत आणि मी पुतळ्यासारखी उभी राहू? मग मला ठेवलंय कशाला? शिपाईसुद्धा दाबेल ते बटण!"

रमाकांतने पत्र दोनदा वाचलं. तो मुळात सावकाश माणूस. त्या क्षणी तिला त्याच्या सावकाशपणाचाही राग आला.

"बोल की काहीतरी!"

"आमच्याकडे ड्रॉइंग चुकीचं आलं," तो म्हणाला, "आणि इंजिनियर ऐकायलाच तयार नसला, तर आम्ही वाद घालत नाही. त्या ड्रॉइंगप्रमाणे एक जॉब, म्हणजे तो लोखंडी भाग, कापतो आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो. म्हणतो, बसवून दाखवा."

निरुपमाने पत्राची घडी घातली. "तुझ्याकडे दातेरी चाकं असतील?"

"सोळा दातांचं रिजेक्टमध्ये पडलंय. अठ्ठेचाळीसचं कापावं लागेल. साहेबाला विचारतो."

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी शाळेत पाहुणे येणार होते. कंपनीचे कुणी मोठे अधिकारी, दुसऱ्या दोन शाळांचे मुख्याध्यापक, पालकांचे प्रतिनिधी. डिजिटल वर्ग दाखवायचा होता. कौशल्याबेनने सातवीचा वर्ग निवडला, कारण पोरं हुशार होती. निरुपमाला बजावलं, "आज तरी थांबवू नका."

"नाही थांबवणार," निरुपमा म्हणाली. आणि तिने शब्द पाळला.

पाहुणे मागे खुर्च्यांवर बसले. पीयूष फळ्याशेजारी उभा राहिला. निरुपमाने गुणोत्तराचा धडा लावला. सात बटाटे झाले, वाट्या झाल्या, चेन झाली. निळ्या कोटातली मुलगी हसून म्हणाली, "अठरा फेरे!" सानवी जागच्या जागी चुळबुळली, पण निरुपमाने नजरेनेच तिला बसवलं. धडा संपला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग निरुपमाने टेबलाखालून पिशवी काढली. आत लाकडी फळीवर बसवलेली दोन लोखंडी चाकं होती, एक मोठं, एक लहान, दात दातांत अडकलेले. मोठ्या चाकाला फिरवायला दांडा होता आणि लहान चाकाच्या एका दाताला लाल रंग लावलेला होता.

"शेवटची दोन मिनिटं शंकांसाठी असतात ना, पीयूषभाई?" तिने विचारलं. "मला एक शंका आहे." मग ती कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे वळली. "साहेब, जरा पुढे या. हे मोठं चाक पाच वेळा फिरवा. पोरांनो, लाल दात वर आला की मोजा."

साहेब हसत हसत उठले. त्यांनी दांडा फिरवायला सुरुवात केली आणि अठ्ठेचाळीस पोरं एका सुरात मोजायला लागली. एक, दोन, तीन. पाचवा फेरा पुरा झाला तेव्हा वर्ग 'पंधरा'वर थांबला.

"पुन्हा फिरवा," निरुपमा म्हणाली. "कदाचित आम्ही चुकलो असू. तज्ज्ञांनी तर अठरा सांगितलेत."

पुन्हा पंधरा. साहेबांचं हसू मावळलं. मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली.

"बेन, हे आपण नंतर..." कौशल्याबेन उठल्या.

"नंतर नाही. तीन महिने नंतरच चाललंय." निरुपमाने आपला फोन फळ्याला जोडला. सगळ्या भिंतीभर तिचं स्वयंपाकघर आलं. ओटा, बटाटे, कपाळावर घाम आलेली तीन वर्षांपूर्वीची निरुपमा. "आकडा गप्प बसत नाही," ती पडद्यावरून सांगत होती, "तुम्ही गप्प बसा म्हणजे ऐकू येईल." मग कुकरची शिट्टी, तिची वळलेली मान, आणि 'अठरा'.

निरुपमाने फोन फळ्यापासून काढून घेतला.

"ही चूक माझी आहे," निरुपमा म्हणाली. आवाज चढला होता आणि तिने तो चढू दिला. "गॅसवर डाळ होती म्हणून झाली. मी लगेच पोरांपुढे कबूल करून सुधारली. तुमच्या तज्ज्ञांच्या गॅसवर काय होतं? माझे शब्द घेतलेत, माझे बटाटे घेतलेत. घेताना एकदा हिशेब करून बघायची तरी तसदी घ्यायचीत! मी दोनदा लिहून कळवलं. तुम्ही मला उत्तर दिलंत, तपासलेलं आहे. आणि मला पत्र काय आलं, तर मी तंत्रज्ञानाला असहकार करते!"

तिने खुलाशाचं पत्र कौशल्याबेनच्या हातात दिलं. त्यात एकच ओळ होती: 'सोबत दोन चाकं जोडली आहेत.'

पाहुणे चहा न घेताच गेले. मुख्याध्यापकांपैकी एक, दाराशी थांबून, निरुपमाला म्हणाले, "आमच्याकडेही हाच धडा लागला. आमच्या लक्षात आलं नाही." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर लाज होती. तेवढ्यापुरती तिला त्यांची कीव आली.

पंधरा दिवसांत त्या धड्यात अठराचे पंधरा झाले. कोटातल्या मुलीच्या आवाजाशी न जुळणाऱ्या दुसऱ्याच कुठल्या तरी आवाजात तो एक शब्द चिकटवलेला होता. निरुपमाचं नाव कुठेही आलं नाही. खुलासा मागणारं पत्र ट्रस्टने मागे घेतलं नाही, पुढे रेटलंही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र वेळापत्रक बदललं. सातवीचं गणित एका नव्या शिक्षकाला गेलं आणि निरुपमाला पाचवी मिळाली. कारण विचारलं तर 'प्रशासकीय सोय'.

ज्या दिवशी ते वेळापत्रक लागलं त्या दिवशी निरुपमाने घरी येऊन एकशे बासष्ट धडे काढले. एकेक तपासला. आणखी तीन चुका सापडल्या, त्या तिने नव्याने बोलून दुरुस्त केल्या. मग आपल्या नावाने सगळे नेटवर खुले करून टाकले, कुणालाही फुकट बघता येतील असे. ट्रस्टच्या वकिलाचं पत्र आलं, की ही आमची मालमत्ता आहे. तिने उलट लिहिलं, की मग कोर्टात कुकरची शिट्टी कुणाच्या मालकीची ते ठरवू. त्यावर अजून काही आलेलं नाही. जुनी पोरं, जी आता कॉलेजात आहेत, धड्यांखाली काहीबाही लिहितात. मंदानेही एकदा लिहिलं. निरुपमाने ते वाचलं, उत्तर दिलं नाही.

परवा खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना कौशल्याबेन भेटल्या. त्या आता निवृत्त झाल्यात. केम छो, सारुं छे, झालं. मग वांगी निवडता निवडता त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं, निरुपमाबेन. पण चार लोकांत नको होतं करायला. मला एकांतात सांगायचंत."

निरुपमाच्या हातात मेथीची जुडी होती. ती तिने पुन्हा ढिगावर ठेवली.

"एकांतात मी तुमच्या खोलीत आले होते, कौशल्याबेन. दार लावून घेतलं होतं तुम्ही. दोन तक्रारी लिहिल्या त्याही एकांतात. विश्रामभाईंचा चहा एकांतातच प्यायले. तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही."

भाजीवाली दोघींकडे बघत होती. निरुपमाने मेथी पुन्हा उचलली, दोन जुड्या घेतल्या, आणि पाचवीच्या पोरांच्या अपूर्णांकांसाठी एक डझन लिंबं.